एक रेघ जास्त

एका सकाळी ऑफिसात पाय ठेवला आणि कळलं, की मी पूर्व गोदावरी जिल्ह्याची आहे. माझा जन्म हैदराबादच्या बेगम बाजारातला, शाळा बेगम बाजारातली, माहेरचं किराणा दुकान अजून तिथंच. गोदावरी मी पाहिली ती नांदेडला, आजोबांच्या अस्थी घेऊन गेलो होतो तेव्हा. आणि भिंतीवर लावलेली यादी सांगत होती, की कुसुमताई, गाशा गुंडाळा आणि तिकडच्या राज्यात चालू लागा.

आंध्र आणि तेलंगणा अशी राज्याची वाटणी होऊन वर्ष उलटलं होतं. आमच्या महामंडळाची वाटणी मात्र अजून चालूच होती. जीपगाड्या वाटल्या, कपाटं वाटली, भिंतीवरची घड्याळंसुद्धा वाटली. शेवटी माणसं उरली. माणसांसाठी नियम असा केला होता, की ज्याची शाळा ज्या जिल्ह्यात झाली, तो त्या बाजूचा. शाळा तेलंगणातली असेल तर हैदराबादेत राहा, आंध्रातली असेल तर विजयवाड्याच्या नव्या ऑफिसात जा. नियम करणारा करून मोकळा होतो. आमच्या नोंदी इतक्या वर्षांत किती कारकुनांनी किती तऱ्हांनी टाईप केल्या आहेत, हे त्याला कुठं ठाऊक असतं?

त्या नोंदी मशीनवर चाळून त्यांचे दोन ढीग करायचं काम निवृत्ती सोनकांबळेकडं होतं. मी तणतणत त्याच्या टेबलाशी गेले.

"निवृत्ती, मी कधीपासून गोदावरीकाठची झाले?"

त्यानं चष्मा कपाळावर चढवला. "ताई, तुम्ही एकट्या नाही. अख्खा बेगम बाजार गेलाय. बेगमपेठ बी गेलंय. मी तेच बघायलालो."

निवृत्ती कंत्राटदाराचा माणूस. पन्नाशी ओलांडलेला, खांदे उतरलेले, शर्टाच्या खिशात कायम आईच्या गोळ्यांची पट्टी. जिथं जिथं सरकारनं पक्का माणूस नेमायचं टाळलं, तिथं तिथं ह्यानं कंत्राटावर काम केलं होतं. आवाज कधी चढला नाही आणि पगारही. बोलायला लागला की वाटायचं, हा वाक्याच्या मध्येच कुठंतरी टेकून बसेल. मला अशा माणसांचा आधी राग येतो आणि मग दया येते. निवृत्तीच्या बाबतीत दोन्ही एकदमच यायचं.

चूक कशी झाली ते त्यानं मला समजावलं. मशीनला काही शोधायला सांगायचं तर एक नमुना द्यावा लागतो, हे लोक त्याला पॅटर्न म्हणतात. त्या पॅटर्नमध्ये काही चिन्हांना मिजास असते. टिंब म्हणजे टिंब नव्हे, तर 'इथं कुठलंही एक अक्षर चालेल'. कंस म्हणजे कंस नव्हे, तर 'आतलं सगळं एकत्र धरा'. टिंबाला टिंबच समजायचं असेल, कंसाला कंसच, तर त्याच्या आधी एक उलटी तिरकी रेघ घालावी लागते, तिला बॅकस्लॅश म्हणतात. रेघ दिसली की चिन्हाची मिजास उतरते आणि ते मुकाट्यानं स्वतःपुरतं उभं राहतं.

आमच्या जुन्या कारकुनांनी शाळेच्या नावापुढं जिल्ह्याची खूण कंसात टाकलेली होती. पूर्व गोदावरीची खूण इंग्रजीतली ई, जी आणि पुढं टिंब. निवृत्तीनं ती जशीच्या तशी पॅटर्नमध्ये उतरवली, रेघा घातल्याच नाहीत. मशीननं कंस सोडून दिले, टिंबाच्या जागी मिळेल ते अक्षर धरलं आणि जिथं जिथं ई आणि जी शेजारी दिसले ते सगळं उचललं. बेगम इंग्रजीत लिहून पाहा, कळेल. आम्ही सगळे असे गोदावरीत बुडालो.

आमचे मॅनेजर प्रतापराव तेलुगू माणूस, स्वभावानं वाईट नाही, पण वाटणीनं त्यांचीही झोप उडवली होती. ते हॉलमध्ये आले आणि सगळ्यांदेखत निवृत्तीवर कडाडले, "एंटय्या इदी? ये क्या है? बेगम बाजार को गोदावरीवाले राजमंड्री में डाल दिए? कल मिनिस्टर पूछे तो मैं क्या बोलूं?" निवृत्ती उभा राहिला, मान खाली घालून. हॉलमध्ये लोक हसत होते. मीही हसले, कारण माझा जीव भांड्यात पडला होता.

त्याच्या भित्रेपणाला घरचंही एक कारण होतं. तो ते डबा खाताना सांगायचा, आणि तेवढंच सांगताना त्याची मान जरा ताठ व्हायची. त्याचे वडील देवराव जुन्या हैदराबाद संस्थानाच्या एका कचेरीत शिपाई होते. छप्पन साली संस्थानाचे तीन तुकडे झाले, माणसं वाटली गेली, आणि देवरावांना मुंबई राज्याच्या वाट्याला टाकून औरंगाबादचा हुकूम आला. देवरावांनी नोकरी सोडली, हैदराबाद सोडलं नाही. पुढचं सगळं आयुष्य बेगम बाजारात मिरच्यांची पोती वाहिली आणि खोकत खोकत गेले. "माझ्या बापाला हे शहर सोडवलं नाही ताई," निवृत्ती म्हणायचा. "एका कागदानं घर उठतं. म्हणून मी कुठं बी जपून राहतो."

आता घर उठायची पाळी त्याच्यावर आली होती. त्याची बायको विमल आमच्याच महामंडळात टपाल विभागात होती, पक्क्या नोकरीत. विमलचे वडील रेल्वेत खलाशी, मिस्त्रीच्या हाताखाली. त्यांची बदली गुंतकलला झाली आणि विमलची सगळी शाळा तिथं, अनंतपूर जिल्ह्यात झाली. माणसं मूळची उदगीरकडची, बोलणं मराठी, घरात बाबासाहेबांची तसबीर, संसार हैदराबादेतल्या विद्यानगरला. पण नियम म्हणत होता, की बाई तू आंध्राची.

विमल गेली तर घराचं काय, हा एकच प्रश्न त्या दोघांच्या तोंडावर लिहिलेला असायचा. निवृत्तीची आई कोंडाबाई वर्षभर अंथरुणावर होती. लकव्यानं उजवं अंग गेलेलं. ती विमलशिवाय कुणाच्या हातचं खायची नाही. मुलानं घास पुढं केला की तोंड मिटायची. दोन बाया ठेवून पाहिल्या, दोघींच्या अंगावर तिनं पेज थुंकली. विमल सकाळी भरवून यायची, दुपारच्या सुट्टीत शेअर ऑटोनं घरी पळायची, परत यायची. नोकरी सोडावी तर घर तिच्याच पगारावर चाललेलं. नोकरी धरावी तर म्हातारी उपाशी मरणार.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. निवृत्तीनं दुसऱ्या खेपेला प्रत्येक खुणेत रेघा घातल्या. कंसाआधी घातली, टिंबाआधी घातली आणि एवढ्यावर न थांबता प्रत्येक अक्षराआधीही घातली. त्याला वाटलं, राहू दे, जास्तीची रेघ काय वाईट करणार? यादी पुन्हा लागली. मी हैदराबादेत होते, बेगम बाजार जागेवर होता, कर्नूलवाले आणि गुंटूरवाले बरोबर तिकडं गेले होते. आणि विमलचं नाव इकडच्या यादीत होतं.

कसं राहिलं ते कुणी विचारलं नाही. वरून काहीतरी सवलत आली असेल, असं विमलला वाटलं. निवृत्तीला काय वाटलं, देव जाणे. खूप दमलेल्या माणसाला खाट दिसली की तो खाटेचे पाय मोजत बसत नाही. त्या संध्याकाळी तो कोठीच्या बाजारात गेला आणि आईसाठी हवेची गादी घेऊन आला, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून. इतके दिवस लांबणीवर टाकलेली वस्तू. दुसऱ्या दिवशी मला म्हणाला, "ताई, काल माय पहिल्यांदा कुशीवर झोपली." त्याच्या तोंडावर मी त्या वर्षातलं पहिलं हसू पाहिलं.

ते हसू गंगूनं घालवलं. बिचारीला कल्पनाही नव्हती.

गंगू आमच्या मजल्यावर चहा करायची, टेबलं पुसायची. विधवा बाई, पदराला दोन मुली, हैदराबादच्या बाहेर कधी गेलेली नाही. तिकडं पाठवायच्या माणसांचा आकडा आधीच ठरलेला होता. तो भरेना, म्हणून ज्यांच्या शाळेचा रकाना कोरा होता, अशांतले काही भरतीला घातले. गंगूनं शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, तिचा रकाना कोरा. ती चहाची किटली माझ्या टेबलावर आदळून रडायला लागली. "अम्मा, मेरेकु कायकु भेजरे? मैं तो यहींच पैदा हुई. मेरे बच्च्यां कां रहते?"

मी निवृत्तीला हाक मारली. "अरे, आकडा का भरत नाही? आंध्राकडची एवढी माणसं होती आपल्याकडं. बघ जरा."

तो बघायला बसला. जिल्हावार माणसं लावली. मी त्याच्या मागं उभी होते. कर्नूल होतं, गुंटूर होतं, नेल्लूर होतं, चित्तूर होतं. अनंतपूरसमोर शून्य. पश्चिम गोदावरीसमोरही शून्य, पण तिथले आमच्याकडं दोघंतिघंच. अनंतपूरचे मात्र टोळीनं होते, अर्धा हिशोब विभाग त्यांचाच. त्यांच्यातलं कुणी ओरडत येणार नव्हतं, हेही खरंच.

निवृत्तीनं माऊसवरचा हात उचलून मांडीवर ठेवला. मग हळू आवाजात सांगितलं. अनंतपूरची खूण कंसात ए, टी, पी आणि टिंब. रेघ टिंबाला साधं करते, पण साध्या अक्षराला कधी कधी उलटं करते. ए ह्या अक्षराआधी ती आली, की मशीनला त्याचा अर्थ 'मजकुराची अगदी सुरुवात' असा लागतो. म्हणजे कंसानंतर मजकुराची सुरुवात शोधा, असं झालं. तशी जागा जगात कुठंच नसते. मशीनला एकही अनंतपूरवाला सापडला नाही. पश्चिम गोदावरीच्या डब्ल्यूचीही तीच गत.

"म्हणजे विमल..."

"हाव ताई. मी एक रेघ जास्त घातली म्हणून ती इथं आहे."

मी आजूबाजूला पाहिलं. गंगू मोरीवर कप विसळत होती. मी खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसले आणि जे सुचलं ते बोलले. "हे बघ, झाकली मूठ सव्वा लाखाची. गंगूची ओळ हातानं बदल आणि बाकीचं राहू दे. कुणाला कळायचं नाही."

"तिची बदलली तर आकडा एकानं कमी पडतो. मग कोऱ्या रकान्यातला पुढचा माणूस जातो."

"जाऊ दे. तो माझ्या मजल्यावर नाही."

तो थकल्यासारखा हसला. "ताई, माझ्याकडं यादी आहे. मला त्याचं नाव दिसायलंय."

मला राग आला. आजही येतो. ज्या माणसाला आयुष्यभर कुणी काही फुकट दिलं नाही, त्याच्या पदरात चुकून एक गोष्ट पडली होती, आणि हा शहाणा ती परत करायला निघाला होता. मी म्हटलं, "तुझ्या आईच्या तोंडात घास कोण घालणार आहे? प्रतापराव घालणार आहे?" तो दुपारभर स्क्रीनकडं बघत बसला. विमल जिन्यावरून ऑटो पकडायला पळताना दिसली, परत येताना दिसली. येताना तिनं त्याच्या टेबलावर केळं ठेवलं. ते त्यानं खाल्लं नाही.

संध्याकाळी ऑफिस सुटायच्या आधी तो प्रतापरावांच्या केबिनमध्ये गेला. मी फाइलीचं निमित्त करून मागोमाग गेले. त्याला अडवायला की आधाराला, मलाच ठाऊक नव्हतं. त्यानं सगळं सांगितलं. प्रतापरावांनी डोकं धरलं.

"फिर से? दूसरी बार?" मग त्यांचा आवाज खाली आला. "तुम्हारी मिसेस का नाम आता इसमें. मालूम है ना?"

"मालूम है सर."

"सोच लो. मैं अभी कुछ नहीं सुना."

प्रतापरावांना मी खडूस समजायचे. त्या वाक्यासाठी मी त्यांचं बाकी सगळं माफ केलं. पण निवृत्ती उभाच राहिला. म्हणाला, "सर, कर्नूलवाला जाता, अनंतपूरवाला नहीं जाता. कायकु बोले तो क्या बोलूं मैं?"

त्यानं अक्षरांआधीच्या रेघा काढल्या, कंसांच्या आणि टिंबाच्या तेवढ्या ठेवल्या. मशीन पुन्हा चाललं. अनंतपूरवाले सगळे बाहेर आले. गंगू परत आली. विमल गेली.

यादी लागली त्या संध्याकाळी मी विद्यानगरला त्यांच्या घरी गेले. म्हटलं, विमल रडत असेल. ती रडत नव्हती. कोंडाबाईला उशीला टेकवून दुधात कुस्करलेली भाकरी भरवत होती. निवृत्ती दाराशी स्टुलावर बसला होता, शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखा.

"बसा ताई," विमल म्हणाली. घास भरवत भरवतच बोलत होती. "जायचं दुःख नाही मला. नियम सगळ्यांना आहे. पण ह्यांनी साहेबाला सांगितलं, गंगूचं बघितलं, तुम्हाला सुद्धा कळलं. मला भिंतीवर वाचावं लागलं. त्या दुपारी मी केळं ठेवलं तवा सांगता आलं नसतं का?"

"तू नको म्हणली असतीस तर मला जमलं नसतं," निवृत्ती म्हणाला.

"मी नको म्हणले असते असं तुम्हीच ठरवलं?"

मूठ झाकायला सांगणारी मी भाकरीची वाटी तिच्याजवळ सरकवून बसले. विमलनं पुढचा घास उचलला. कोंडाबाईनं डाव्या हातानं तिचं मनगट धरलं आणि घास थांबवला. तिचं बोलणं अर्ध्या तोंडातून यायचं, शब्द घसरायचे, पण त्या दिवशी मला अक्षर न् अक्षर कळलं.

"निवृत्त्या, तुझ्या बापाला औरंगाबादचा हुकूम आलता. त्याला जायचं होतं. ट्रंक भरलती त्यानं. मी आडवी पडले. माझी माय हितं, मी येत न्हाई म्हणले. त्यानं माझ्यापायी नोकरी सोडली अन् मिरच्याची पोती उचलली. ऊर जळला त्याचा. लोकायला सांगत ऱ्हायला, मला हैदराबाद सोडवंना म्हणून. माझं नाव कधी घेतलं न्हाई."

निवृत्ती स्टुलावरून उठला होता. एवढ्या वर्षांत हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. ज्या गोष्टीनं त्याची मान ताठ व्हायची, ती गोष्टच तिनं काढून घेतली.

"ह्या बारीला मी आडवी पडत न्हाई," म्हातारी म्हणाली. "सून जिकडं, तिकडं मी. उचलून न्या." आणि तिनं विमलचं मनगट सोडून तोंड उघडलं. विमलनं घास घातला. तिचे डोळे तेव्हा वाहायला लागले, पण हात चालूच होता. मी पदरानं तोंड पुसलं आणि उगीच खिडकीबाहेर बघत बसले.

कंत्राटदारानं निवृत्तीला काढून टाकलं. दोनदा चुकणारा माणूस नको, म्हणाला. बरोबरच होतं त्याचं, चुका झाल्याच होत्या. त्यामुळं निवृत्तीही निघाला, बायकोच्या बदलीवर, आईच्या सेवेला. जायच्या आदल्या दिवशी विमल ऑफिसात सगळ्यांना भेटायला आली. गंगूनं तिला जास्त साखरेचा चहा दिला आणि मोकळेपणानं म्हणाली, "आप लोगां तो उधरकेच ना अम्मा. अपने घरकु जारे. मेरेकु तो अल्लाह मियां बचा लिया, भगवान बचा लिया." विमल हसली. "हां गंगू, बचा लिया," म्हणाली आणि चहा संपवला. मी तिथून उठून गेले, कारण माझ्या तोंडाचा मला भरवसा नव्हता.

टेम्पोत सामान चढवताना मी निवृत्तीला विचारलं, "पस्तावलास का?"

तो हवेची गादी गुंडाळत होता. वारा निघता निघत नव्हता. "पस्तावा नाही ताई. दमलोय. माझा बाप माझ्या डोळ्यापुढं असा उभा होता, आता तो वेगळाच निघाला. त्याला पुन्हा पहिल्यापासून ओळखायचं म्हणलं तर ताकद लागते." मग गुडघा दाबून त्यानं उरलेला वारा काढला.

नंतर वरचेवर फोन व्हायचे. विजयवाड्याचा उकाडा, भाड्याच्या घरातलं पाणी, विमलचं नवं ऑफिस कसं गळतं, असलं बोलायचा. काही दिवस एका दुकानात बिलं करायचा, मग तेही सुटलं. मी इकडच्या बातम्या द्यायचे. त्याच्या खुर्चीवर आलेल्या नव्या पोराला मी रेघांबद्दल दोनदा बजावलं, तर तो माझ्याकडं वेड्यासारखा बघत होता.

पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी त्याचा फोन आला. कोंडाबाई गेली होती, सकाळीच. मी विचारलं, त्रास झाला का.

"नाही ताई. पाणी मागितलं. मी तांब्या घेऊन जवळ होतो, विमल ऑफिसला निघालती, चप्पल घालायलालती. मायनं तोंड मिटून घेतलं. विमल चपलेसकट पळत आली. तिच्या हातचं घेतलं, अन् मग गेली."

मी हातातली फाइल मिटली.

"विमल तिथं होती ताई," तो म्हणाला. "एवढंच सांगायला फोन केला."

मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. गंगूनं चहा आणून ठेवला होता. कोण होतं, तिनं विचारलं. मी म्हटलं, ओळखीचे होते, आणि चहा प्यायले.